हिलाराचा लोकरीचा गोळा

उंब्रियाच्या डोंगराकडेला वेट्टियस धन्यांचा व्हिला, म्हणजे मळ्यातला वाडा, होता. धनी राहायचे रोममध्ये. त्यांचं तेल, दारू, लोकर तयार करून पाठवायची ती व्हिलातली दासमंडळी. त्यांतलीच थाल्लुसा. उभा जन्म लोकर पिंजण्यात आणि चातीवर कातण्यात गेलेला. जीभ तिखट, हात मात्र मऊ.

हिवाळ्यात चव्हाट्यावरच्या देवांचा सण येई. आदल्या संध्याकाळी तिथल्या देवळीत लोकर टांगायची: दास नसलेल्या, मोकळ्या माणसामागे एक बाहुली, दासामागे एक गोळा. देवांनी ते घ्यावं आणि जित्या माणसाला सोडावं. ते सगळं थाल्लुसाच करायची.

त्या वर्षी मुकादम अंथुस दारातूनच ओरडला, "थाल्लुसे, यंदा एक बाहुली जास्त कर गं! धन्यांचा निरोप आहे."

थाल्लुसाची चाती थांबली. म्हाताऱ्या धनीणबाईंनी मरताना सांगितलं होतं, हिलाराला मोकळं करा. हिलारा म्हणजे थाल्लुसाची एकुलती लेक. मग ही बाहुली दुसऱ्या कोणाची असणार? तिने विचारलं नाही. विचारलं की दृष्ट लागते.

बाहुलीला तिने हिलारासारखे कुरळे केस केले, बोटंसुद्धा वळली.

"आई, नाक केवढं लावलंस! माझं आहे होय असं?" हिलारा हसली.

"आजोबांचं आहे. गप बस, नाहीतर कानही त्यांचेच लावीन."

हिलाराचा गोळा तिने केलाच नाही.

सकाळी रोमहून गाडी आली. अंथुस देवळीपाशी उभा होता. "बाहुली झकास झालीय. धन्यांना मुलगा झालाय ना, त्याची. पण हिलाराचा गोळा कुठाय? बाळाला सांभाळायला आजच निघायचंय तिला. एवढ्या लांबच्या वाटेला पोरीला तशीच पाठवतेस?"

लोकर संपली होती. थाल्लुसाने अंगावरच्या शालीचा काठ उसवला आणि गोळा वळला. त्याला ना हात, ना पाय, ना केस.

"रडू नको गं आई, द्राक्षांच्या तोडणीला येईन," हिलारा गाडीतून म्हणाली. ती कधीच आली नाही.

"अगं, तिचा गोळा आता तिकडे टांगतात," अंथुस दर वर्षी सांगायचा. थाल्लुसा ऐकून घ्यायची, आणि शालीतून थोडी लोकर काढून हिलाराचा गोळा वळायची. एका कडक थंडीत ती गेली, तेव्हा तिच्या अंगावरची शाल फडक्याएवढी उरली होती.