ओल म्हणजे गळती नव्हे

माझी आर्णीला बदली झाली तेव्हा घर शोधायला आम्ही दोघं दोन रविवार फिरलो. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका. नवरा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला; तो रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन करणार होता. पहिल्या घरी चहा झाला, खोल्या पसंत पडल्या, मग मालकांनी आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर त्यांना एकदम आठवलं की या खोल्या भाच्याला द्यायच्या आहेत. दुसऱ्या घरीही भाचाच निघाला. आम्ही बौद्ध. आमच्या आडनावाने या जिल्ह्यात किती भाच्यांची राहायची सोय झाली असेल, कोण जाणे.

तिसरं घर सरांचं. सर कॉलेजातून निवृत्त झालेले. वरच्या मजल्यावर ते आणि काकू राहायचे, खालच्या तीन खोल्या भाड्याने द्यायचे. त्यांनीही आडनाव विचारलं. ऐकलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "आमच्या घरात या गोष्टींना थारा नाही. मनुष्य हीच एक जात."

नवऱ्याला भरून आलं. खोटं कशाला सांगू, मीही फाटकाबाहेर आल्यावर डोळे पुसले. त्या गहिवरात स्वयंपाकघराच्या छताकडे बघायचं मात्र राहून गेलं.

सरांचं न्हाणीघर बरोबर माझ्या शेगडीच्या वर होतं. सकाळी सव्वासातला सर आंघोळीला बसायचे आणि पाचेक मिनिटांत माझ्या ओट्यावर टपटप सुरू व्हायची. सर चंदनाचा साबण वापरतात हे मला आठवडाभरात कळलं. मी वर जाऊन सांगितलं, "सर, स्वयंपाकघरात वरून पाणी गळतंय."

सर लगेच खाली आले. स्टुलावर चढले, चष्मा सारखा केला, छताला बोट लावून बोट हुंगलं. दुरुस्तीचा विषय निघाला की त्यांचं छापील मराठी सुटायचं आणि आपली वऱ्हाडी सुरू व्हायची.

"बाई, ही ओल हाये. ओल म्हणजे गळती नव्हे."

"पण सर, थेंब पडतात."

"ओल जास्त झाली का थेंब पडतेच. उन्हाळ्यात वाळून जाईन."

उन्हाळा आला. उन्हाळ्यात सर दोनदा आंघोळ करायचे.

माणूस कशालाही सरावतो, तशी मीही सरावले. सातला कणीक मळायची, सव्वासातला तवा खाली उतरवून ठेवायचा, सरांची आंघोळ आटपली की पोळ्या लाटायच्या. माझी ड्युटी सरांच्या तांब्यावर चालायची. पुढे नवऱ्याने खताचं एक पोतं उसवून छताला उतारावर बांधलं, म्हणजे पाणी निदान मोरीकडे वाहून जाईल. आमच्याकडे आलेले पाहुणे विचारायचे, हे काय बांधलंय. मी सांगायची, मच्छरदाणी.

मध्ये एका रविवारी नवरा स्वतःच नळवाल्याला घेऊन आला. नळवाल्याने वर जाऊन फरशी ठोकून पाहिली आणि निदान सांगितलं. फरशी काढावी लागेल, खालचा पाइप सडलेला आहे, चार दिवसांचं काम.

सर म्हणाले, "अन् चार दिवस आम्ही आंघोळ कुठं करावं?"

नळवाला साधा माणूस. म्हणाला, "त्यात काय सर, खाली यांच्याकडं करा."

सरांनी नळवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग खिडकीबाहेर पाहिलं. मनुष्याची जात एकच असली तरी न्हाणीघरं दोन होती. शेवटी सर म्हणाले, "पाहू. विचार करून सांगतो." तो विचार आम्ही ते घर सोडेपर्यंत चालूच होता.

जिन्यात काकूंनी मला हळूच गाठलं. "मी ह्यांले अकरा वर्सं झाले सांगून राह्यली. तुमच्या आधीचे भाडेकरू बी हेच सांगून गेले."

मग एक दिवस छताचा पोपडाच पडला. मी जिऱ्याचा डबा घ्यायला दोन पावलं बाजूला झाले आणि पोतं फाडून परातीएवढा गिलावा शेगडीवर आदळला. कुकरचं झाकण चेपलं. दोन पावलं बाजूला झाले नसते तर माझंच डोकं चेपलं असतं. मी तो गिलावा परातीत भरला, वर गेले आणि परात सरांपुढे ठेवली.

सरांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. या वेळी ते छापील मराठीत बोलले.

"बाई, तुम्हाला घर देताना मी गावातल्या किती लोकांचं ऐकून घेतलं, याची तुम्हाला कल्पना आहे का?"

मी खाली आले. परात वरच राहिली. इतके दिवस मला वाटत होतं की आम्ही भाड्याने राहतो. आम्ही उपकाराने राहत होतो आणि भाडं वरून देत होतो. डोक्यावर गिलावा पडला तरी वर मान करून आभार मानायचे, असा तो करार होता. संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने चेपलेलं झाकण उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "सोडू हे घर."

पुन्हा शोधाशोध सुरू झाली. पुन्हा दोन भाचे भेटले. मग गावाच्या दुसऱ्या टोकाला शिवणकाम करणाऱ्या एका बाईचं घर मिळालं. मशीनवरून मान वर न करता तिने विचारलं, "कोन समाजाचे तुम्ही?" नवऱ्याने सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पानी एक दिवसाआड येते, टाकी तुमची तुम्ही भरून घेत जा." मग उठून तिने एकेक नळ उघडून दाखवला. मोरीतला नळ ठिबकत होता. आम्ही सामान घेऊन आलो तेव्हा तिथे नवा नळ होता. तिचा तो प्रश्न मला तेव्हा टोचला, आजही टोचतो. पण एकदा विचारून तिने तो संपवला होता. सरांनी कधी संपवलाच नाही.

आम्ही महिनाभर आधी सरांना सांगितलं. सर दुखावले. मग सावरून म्हणाले, "जातानी छत तेवढं नीट करून द्या. तुमच्या कुकरच्या वाफेनं पोपडे निघाले."

नवरा म्हणाला, "सर, वाफ वर जाते हे खरं. पण चंदनाचा वास खाली कसा येते?"

त्यावर सरांनी स्वतःच गडी लावून छताला चुना फासला. आमची बांधाबांध चालू असताना एका सकाळी ते नव्या भाडेकरूंना घर दाखवायला घेऊन आले. बँकेत लागलेला तरुण आणि त्याची बायको. छत कोरडं राहावं म्हणून सरांनी त्या दिवशी आंघोळ टाळली होती. कपाळाला गंध नाही, डोक्याला तेल नाही. फक्त ही योजना काकूंना सांगायची राहिली होती.

"या बाई इथे अगदी घरच्यासारख्या राहिल्या," स्वयंपाकघरात येऊन सर माझ्याकडे बघत म्हणाले, "विचारा त्यांना."

त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलणार तोच वरून बादली ओतल्याचा आवाज आला. पांढऱ्या चुन्यावर पिवळट डाग उमटला, पसरला आणि त्या बँकवाल्याच्या शर्टावर चुन्याचं पाणी ठिबकलं.

सर जिन्यापाशी जाऊन म्हणाले, "अवं, काय करून राह्यली?"

वरून काकूंचा आवाज आला. "धुनं धुवून राह्यली. गळत नाही म्हनता ना तुम्ही?"

ते दोघं पुन्हा आले नाहीत. आम्ही त्याच आठवड्यात गेलो. निघताना काकूंनी माझ्या हातात कैरीच्या लोणच्याची बरणी दिली. सर गच्चीवर होते, खाली आले नाहीत.

परवा सर दवाखान्यात आले होते, रक्तदाब तपासायला. मी पट्टा गुंडाळत असताना ते बाकावरच्या लोकांना सांगू लागले, "या सिस्टर आमच्याच घरी राहायच्या. आम्ही कधी भेदभाव..."

मी म्हटलं, "सर, मोजताना बोलायचं नसतं. आकडा चुकतो."

ते गप्प बसले. पट्ट्यातली हवा मी नेहमीपेक्षा जरा सावकाश सोडली.