गाडीले पावर ब्रेक बसवला

मंडळी, आज नांदुऱ्याच्या गॅरेजात माह्या नवऱ्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारले पावर ब्रेक बसवला. ब्रेक लागत नाही म्हणून गाडी दोनदा भिंतीवर गेली होती.

मी मिस्त्रीवर भडकली, “सलीमभाऊ, ब्रेक खराब होता तं आधी काऊन नाही सांगतलं?”

तो हळूच म्हणे, “भाभी, ब्रेक चांगलाच होता, फक्त जोर लागते त्याले. भाऊच्या पायात ताकद नाही राह्यली. घरी सांगू नको म्हणत होते.”

अन् मी वर्षभर या माणसाले झापत होती, ब्रेक नीट दाबता येत नाही काय म्हणून!

येताना नवऱ्यानं ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी गाडी थांबे. मी म्हटलं, डॉक्टरकडे चला.

“आता थांबते ना गाडी? मंग कायले डॉक्टर?”

रडूच आलं मले. यायले कसं समजावू, सांगा.