अर्लीनचं मरण कुणी सांगायचं

ओझेला प्रुइटला जाड म्हटलेलं चालायचं, ती स्वतःच म्हणायची. ओकलंडमध्ये बस चालवताना स्टिअरिंग पोटाला घासतं म्हणून डेपोतले ड्रायव्हर हसत, तेव्हा ती त्यांना सुनावायची, "पोट माझं आहे, तुमच्या बापाच्या घरचं खाऊन वाढवलेलं नाही." कुणी कीव केली की मात्र तिचं डोकं फिरायचं.

१९९०च्या सुमाराला तिनं आणि तिच्या धाकट्या बहिणीनं, अर्लीननं, आपल्या काळ्या वस्तीतल्या चर्चच्या तळघरात जाड बायकांची बैठक सुरू केली. तळलेला मासा, मक्याचा पाव आणि आठवडाभरात गिळलेले अपमान, असा बेत असे. पुढे कॅरिन हाल्डरसन नावाची एक गोरी बाई येऊ लागली. तीही अंगानं चांगली भरलेली, कॉलेजात शिकवणारी. बहिणींनी तिला जवळ केलं.

मग कॅरिनच्या पोटात दुखू लागलं. डॉक्टरनं वजन कमी करा म्हणून वाटेला लावलं, तर ती भांडली, खुर्चीतून हललीच नाही. त्यानं तपासणी लिहून दिली, पित्ताचे खडे निघाले. काही महिन्यांनी अर्लीनचं पोट दुखलं तेव्हा कॅरिननंच तिला त्या डॉक्टरकडे धाडलं. अर्लीनही तशीच भांडली. त्यानं तिला नशेच्या गोळ्या हव्यात का म्हणून विचारलं आणि रखवालदार बोलावला. पोटातली गाठ कळली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचली होती. हिवाळ्यात अर्लीन गेली.

वर्षभरानं सॅन फ्रान्सिस्कोत जाड माणसांच्या हक्कांची मोठी परिषद भरली. ओझेलानं बोलायला वेळ मागितला. तिला जेवणानंतरची बाजूची खोली मिळाली, विषय 'काळ्या बायकांचे प्रश्न'. मोठ्या सभागृहात सकाळी कॅरिन बोलणार होती. ओझेला ऐकायला गेली, तिसऱ्या रांगेत बसली.

कॅरिननं अर्लीनचीच गोष्ट सांगितली. नाव नाही, रंग नाही, रखवालदार नाही. 'आपल्यातली एक मैत्रीण' जाड होती म्हणून मेली आणि कॅरिन तिचा हात धरून बसली होती, एवढंच. लोक डोळे पुसू लागले.

ओझेला उभी राहिली. "तिचं नाव अर्लीन," ती म्हणाली. "हात मी धरला होता. तू एकदा फुलं घेऊन आलीस आणि गाडी चुकीच्या जागी लावलीय म्हणून दहा मिनिटांत गेलीस. आणि ती नुसती जाड म्हणून मेली नाही, कॅरिन. जाड तर तूही आहेस."

कॅरिनला रडू कोसळलं. बायका पाणी घेऊन तिच्याकडे धावल्या. बहीण ओझेलाची मेली होती, पण तिच्याकडे कुणी फिरकलं नाही. अध्यक्षीणबाईंनी तिला सूर जरा खाली घ्यायला सांगितलं, इथं सगळ्यांना सुरक्षित वाटलं पाहिजे म्हणाल्या.

"तुम्हाला नेहमीच वाटतं," असं म्हणून ओझेला बाहेर पडली. दुपारची तिची खोली तिनं रिकामी ठेवली.

वसंतात कॅरिन तळघराच्या दारात आली. चुकलं म्हणाली, पण आपण एकाच बाजूच्या आहोत ना, असंही विचारलं.

"पुढच्या परिषदेत तू बोलू नकोस," ओझेला दारातूनच म्हणाली. "तुझ्या जागी मला उभी कर. मग बाजूचं बोलू."

कॅरिन म्हणाली, ते आयोजकांच्या हातात असतं. ओझेलानं दार लावून घेतलं. त्यानंतर कॅरिनचं पुस्तक आलं, रेडिओवर मुलाखती झाल्या, आणि बैठकीतल्या एकदोघी हळहळल्या की दोघींचं जमायला हवं होतं. ओझेलानं त्यांनाही झाडलं.

बैठकीनं आता नवा रिवाज पाडला. कुणी बाई डॉक्टरकडे निघाली की चारपाचजणी सोबत जातात, ओझेला पुढे. डॉक्टर वजनावर घसरला की त्या पाय पसरून बसतात. रखवालदार येतो, हात लावावा कुठे ते त्याला कळत नाही. तपासणीचा कागद हातात पडेपर्यंत कुणी उठत नाही. गेल्या महिन्यात त्या अर्लीनच्याच डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यानं ओझेलाला ओळखलं नाही, म्हणून तिनं बहिणीचं नाव सांगितलं, तेही त्याला आठवेना. तिनं ते पुन्हा सांगितलं, अक्षरं सुटी करून, बाहेरच्या खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.