उतारी अक्काची

विनायकराव गुरुजी गेल्याचे त्यांचा मुलगा वसंता याने दारातूनच सांगितले. मी जेवायला बसलो होतो. हात धुतला आणि तसाच निघालो. त्याला आता महिना उलटला. मी काही लिहिणार नव्हतो... परंतु शाळेतल्या शोकसभेत अध्यक्षांनी सांगितले, की गुरुजींनी ऐन चाळिशीत पत्त्यांचे व्यसन निग्रहाने सोडले. पुढल्याच आठवड्यात एका माजी विद्यार्थ्याने याच पुरवणीत ते छापले आणि वर 'असा संयम तरुणांनी शिकावा' अशी पुस्ती जोडली. दोघेही सज्जन असतील. दोघेही चूक आहेत. विनायकरावांच्या त्या माजघरात मी होतो. हे दोघे नव्हते.

पहिली गोष्ट अशी, की विनायकराव पत्ते खेळत नसत, गंजिफा खेळत. गोल, लाखेच्या रोगणाने चमकणारी, तळहातात मावणारी एकशेवीस पाने. दहा अवतार, प्रत्येकाचा एक राजा, एक प्रधान आणि दहा साधी पाने. इराणाकडून मोगलांबरोबर आलेला हा खेळ आपल्या लोकांनी असा आपलासा केला, की मूळ धन्यालाही तो ओळखू येऊ नये. त्यांचा संच सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी रंगवलेला होता आणि तो त्यांच्या थोरल्या बहिणीने, द्वारकाअक्काने, आणला होता. शोकसभेत तिचे नाव कोणी घेतले नाही. सावंतवाडी तिचे सासर. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती सोलापूरला भावाकडे परतली, ती एक ट्रंक आणि हा लाकडी डबा घेऊन. विधवेने खेळायला बसावे हे गल्लीला रुचत नसे. ती म्हणे, "दुपारभर तोंडात राम-कृष्ण येतात की! तुमच्या कीर्तनात तरी दुसरं काय येतं?"

गंजिफा हा तिघांचा खेळ. विनायकराव, अक्का आणि कोर्टात नोकरीला असलेला मी असे दर रविवारी दुपारी पांढऱ्या चादरीभोवती बसत असू. शेंगांच्या चटणीचे बोट पानाला लागले, तर अक्का आम्हां दोघांना विहिरीवर हात धुवायला पिटाळी. विलायती पत्त्यांना ती नाके मुरडत असे. "त्यांच्यात राजाला गुलाम लागतो. आपल्यात प्रधान असतो." या खेळाची ओढ पान टाकण्यात नाही, गेलेले पान विसरू न देण्यात आहे, कोण गेले, कोण कोणाच्या हाती उरले, हे सारखे मनात धरून बसावे लागते. त्यात अक्काचा हात धरणारे मी कोणी पाहिले नाही.

डाव सुरू करण्याचा नियम मात्र नीट सांगितला पाहिजे, कारण सगळे त्यावरच आहे. दिवसा ज्याच्या हाती रामाचा राजा येईल, पहिली उतारी त्याची, म्हणजे पहिले पान त्याने टाकायचे. दिवेलागण झाली, की हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. अक्काच्या हाती कृष्ण आला, की गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होण्याआधीच ती कंदील पेटवायला उठे.

"अक्का, बाहेर ऊन आहे!" मी कडाडत असे.

"तुमच्या कोर्टात असेल ऊन, नाझरसाहेब. माझ्या माजघरात अंधारलंय."

विनायकराव हसून हसून पाने खाली टाकत.

विनायकरावांच्या चाळिशीतल्या त्या उन्हाळ्यात अक्काला ताप आला आणि तो उतरलाच नाही... सुतक फिटल्यानंतरच्या एका रविवारी मी नेहमीप्रमाणे गेलो. विनायकरावांनी चादर पसरली, पाने पिसली आणि वाटू लागले. वाटून झाल्यावर आम्ही दोघेही चादरीकडे पाहत राहिलो. सवयीने त्यांनी तीन वाटे केले होते.

मी माझी पाने लावली. "राम माझ्याकडं नाही," मी म्हणालो.

"माझ्याकडंही नाही." त्यांनी तिसऱ्या वाट्याकडे पाहिले. तो पालथाच होता. "उतारी अक्काची आहे, बापू."

आम्ही थांबलो. कशासाठी, ते आम्हां दोघांनाही ठाऊक होते. तिची पाने उलटण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाच नव्हता. भोंगा झाला. विनायकरावांची पत्नी कंदील घेऊन दारात आली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "कृष्ण माझ्याकडं आहे." मग पत्नीला म्हणाले, "दिवा आणू नकोस. इतक्यात नको."

दिवा लागला असता, तर तिचा मान त्यांच्याकडे गेला असता. आम्ही अंधारात बसून राहिलो. शेवटी त्यांनी चाचपडत तिन्ही वाटे वेगवेगळ्या फडक्यांत बांधले. त्यानंतर त्यांनी कधीच पान हाती धरले नाही. वकील मंडळींनी क्लबात ब्रिजला बोलावले, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, आणि त्या नकाराचा गावाने निग्रह केला. निग्रह कसला! त्यांचा खेळ सुटला नव्हता. डाव चालू होता.

परवा वसंता तो डबा माझ्याकडे देऊन गेला. फडकी विरली आहेत, गाठी तशाच आहेत. "काका, सोडून बघू या का, राम खरंच आत्याच्या वाट्यात आहे का?" त्याने विचारले. मी त्याच्यावर ओरडलो. नंतर त्याला जवळ बसवून घेतले.

डबा माझ्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. संध्याकाळी सून कंदील घेऊन येते. मी तिला दारातच थांबवतो आणि म्हणतो, या खोलीत इतक्यात नको.