खरा गाल दाखव
डॉक्टर मॅडम वारल्या, हे मला त्यांच्या दौंडच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं फोनवर सांगितलं. फोन होता अयानची बुधवारची वेळ रद्द झाली म्हणून. आन् माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं? "मग अयानचं काय?" ...तीन आठवडे झाले, अजून लाज वाटती.

अयान माझा पहिला. पाचव्या महिन्यात ध्यानात आलं, गालावर पुटकुळ्या, काही लाल, काही बारीक दाण्यासारख्या. सासूबाई म्हणाल्या, "गर्मी के हैं, जाते." मला काय राहवेना, वरवंडहून एसटीनं दौंड गाठलं. मॅडम मूळच्या शिरूरच्या, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "मुरूम हायती. बाळांनापण येतात. कवापासून?"

मी ऐटीत मोबाइल पुढं केला. रोजचे फोटो काढलेले ना! त्यांनी दहा-बारा सरकवले आन् चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"हे पोरगं तर पावडर थापून लग्नाला निघालंय."

माझ्या फोनला चेहरा गुळगुळीत करायचं बटण कायम चालू! चारशे फोटो, एकात पुटकुळी न्हाई.

"मला गोरा गाल नको गं, खरा गाल दाखव," मॅडम म्हणाल्या. मग समजावलं... पहिल्या दीड महिन्यात आले असले तर बहुतेक आपोआप जातात. उशिरा आले तर खड्डे राहू शकतात, आन् क्वचित अंगात हार्मोन वेळेआधी जागे झाल्यात का, तेबी बघावं लागतं. मी लगेच घरी फोन लावला. सासऱ्यांच्या जुन्या मोबाइलमधला अडीच महिन्यांच्या लसीच्या दिवशीचा फोटो मागवला. गाल एकदम स्वच्छ! मला आधी आनंद झाला. मॅडमनी फोटोवरच्या तारखेवर बोट ठेवलं, तवा कळलं... म्हंजी उशिराच आले.

त्यांनी वजन केलं, लांबी मोजली, काखेत, लंगोट काढून खाली, कुठं केस फुटल्यात का बघितलं. "आज तसलं काय न्हाई. पण आज न्हाई म्हंजी कधीच न्हाई, असं मी लिहून देत नसते. दर महिन्याला आणायचं." मग अयानचं नाक ओढलं, "काय रं, मिशी फुटायच्या आधीच मुरूम?" मी हसले आन् लगेच रडले.

परवा फाईल आणायला गेले. आत दर भेटीचा एक कागद, त्यावर मॅडमनी पेन्सिलनं काढलेला अयानचा चेहरा. लाल मुरूम भरीव ठिपका, दाणा पोकळ. शेवटच्या कागदावर त्या रद्द झालेल्या बुधवारची तारीख. चेहरा, कान, डोक्यावरची उभी बट, सगळं आधीच काढून ठेवलेलं... ठिपका एकबी न्हाई.

सकाळी अयानला खिडकीपाशी घेऊन मीच भरायला बसले. डाव्या गालावर चार. उजव्यावर तीन. हनुवटीवर आधीच्या एकाबी कागदात काय नव्हतं. आता एक हाय, भरीव. खोडरबर उचललं... एवढा एकच तर होता.

न्हाई खोडला. पुण्याच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळालीय. हाच कागद नेणार.