शंभरच्या दिव्याची साक्ष

त्या डिसेंबरात धायरीत अशी थंडी पडली होती, की सकाळी लोखंडी तार हातात धरली तर बोटं बधिर व्हायची. साल दोन हजार तीन. ओढ्याकडून धुकं चढून यायचं आणि नव्या बंगल्यांच्या उघड्या सळयांत अडकून बसायचं. अशाच एका बंगल्याच्या जिन्याखाली तात्याराव रणपिसे उकिडवा बसून भिंतीतल्या पाइपात तार सारत होता. तारेचं टोक कधी निघतंय याची वाट बघत गवंडी वरच्या मजल्यावर बिडी ओढत होता.

“आलं का?”

“न्हाय आलं.”

“बिडी विझव, म्हणजे दिसेल.”

टोक आलं. तात्यारावनं खालच्या टोकाला तीन वायरी बांधल्या. लाल करंट आणणारी, काळी तो परत नेणारी न्यूट्रल आणि हिरवी जमिनीत जाणारी अर्थिंगची. हिरवीला रोजचं काही काम नसतं. गिझरच्या, इस्त्रीच्या अंगात करंट उतरला तरच ती उपयोगाला येते. माणसाला धक्का बसायच्या आत करंट जमिनीत नेते. एरवी भिंतीत नुसती पडून असते, म्हणून लोकांना फुकटची वाटते. हिरवी नसलेल्या कामावर तात्याराव सही करत नसे.

आणि सही हीच त्याची इस्टेट होती. नव्या इमारतीला मीटर मिळायचा तर परवानाधारकानं वायरिंग तपासून टेस्ट रिपोर्टवर सही करावी लागते. त्याचे वडील खडकीला कारखान्यात हमाल. छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव्हारे काढले आणि पोरांना शाळेत घातलं. तात्यारावला त्यांनीच आयटीआयला वायरमनच्या ट्रेडला पाठवलं. त्यामागचा त्यांचा हिशेब वेगळाच होता. ते म्हणायचे, “वायरमनला चुलीपर्यंत जावंच लागतं. तिथं दिवा बंद पडला की कोण अडवतंय बघू.” तात्याराव परीक्षा देत देत सुपरवायझरच्या परवान्यापर्यंत गेला. पंचवीस वर्षांत त्याच्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

त्याची एक रीत होती. काम झालं की मेन बोर्डाच्या दाराला आतून ऑइलपेंटनं आपलं नाव आणि फोन नंबर लिहायचा. लोक हसायचे. “तात्या, हे काय, लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात तसं?” तो म्हणायचा, “भांडं हरवलं तर परत येतं. काम बिघडलं तर फोन यायला नको का?”

त्या सकाळी जिन्याखालीच त्याच्या खिशातला मोबाइल वाजला.

“काका, मी पायल बोलतेय. हिंजवडीच्या लेडीज होस्टेलमधून. तुमचा नंबर बोर्डवर आहे म्हणून… माझी रूममेट, चैताली, तिनं नळाला हात लावला आणि ती चिकटलीच. मी पळत जाऊन मेन ऑफ केलं.”

“श्वास चालू आहे?”

“आहे. ॲम्ब्युलन्स बोलावलीय, ट्रॅफिकमध्ये अडकलीय.”

“शाब्बास. मेन तसंच राहू द्या. मालकानं सांगितलं तरी चालू करू देऊ नका. मी निघालो.”

गवंड्याला ‘वायरी ओढून ठेव’ असं सांगायचंही राहून गेलं.

ते होस्टेल सर्जेरावचं. धायरीतला सर्जेराव तात्यारावपेक्षा सहा वर्षांनी लहान. घरची शेती होती. तिच्यात प्लॉट पडायला लागले तेव्हा दुसरा धंदा हवा म्हणून तो तात्यारावची शिडी धरायला आला आणि वीस वर्षं राहिला. दोघांनी एका डब्यात जेवून निम्म्या सिंहगड रोडची घरं उजळली. पुढं आयटीवाले आले, जमिनींना सोन्याचा भाव आला आणि सर्जेराव बिल्डर झाला. मेव्हण्याच्या जागेत हिंजवडीला त्यानं वीस खोल्या बांधल्या. वायरिंग त्याची स्वतःची माणसं करणार होती. आखणी आणि सही तात्यारावची.

आखणीच्या दिवशी सिमेंटच्या रिकाम्या पिशवीवर तात्यारावनं लोड मांडला होता.

“खोलीला दोन ट्यूब, दोन पंखे, एक कॉम्प्युटर, एक गिझर. गिझरच दोन किलोवॅटचा. वीस गिझर म्हणजे चाळीस.”

“आरं, समदे गिझर एकदम कोण लावतंय? तूच सांगतूस, पुस्तकात निम्मं धरत्यात म्हणून.”

“पुस्तक लिहिणाऱ्याला कंपनीची बस पकडायची नव्हती. ह्या सगळ्या पोरींची बस आठला. साडेसहा ते साडेसात वीसच्या वीस गिझर तापणार. पन्नास किलोवॅट धर. मेनचे सांधे नीट आवळून घे. आणि प्रत्येक पॉइंटला हिरवी.”

“तू म्हणशील ती पूर्व, तात्या.”

मे महिन्यात काम पुरं झालं. तात्याराव तपासायला गेला. पिशवीत दुधाच्या पावडरीचा जुना डबा, त्यात होल्डरला लावलेला शंभर वॅटचा दिवा आणि त्याला दोन वायरी. प्रत्येक सॉकेटात एक वायर करंटच्या भोकात, दुसरी अर्थिंगच्या भोकात. दिवा झगझगीत लागला की अर्थिंग पक्कं. मंद लागला की भिंतीत काहीतरी गडबड. तपासायच्या मीटरवर त्याचा विश्वास कमी, दिव्यावर फार. वीस खोल्यांत दिवा झगझगीत लागला. सर्जेराव मागून ताकाचा तांब्या घेऊन हिंडत होता. तात्यारावनं ताक प्यायलं, सही केली, दारावर नाव रंगवलं.

आता सात महिन्यांनी तो त्याच दारासमोर उभा होता. आपलं नाव त्याला आधी दिसलं, मग त्याच्या खालचा जळका वास आला. न्यूट्रलचा मोठा सांधा सैल राहिला होता. रोज सकाळच्या तासाभराच्या लोडनं तापत तापत तो जळून तुटला होता. पण नुसता न्यूट्रल तुटला तर दिवे जातील, उपकरणं जळतील. नळाला करंट कसा येईल?

त्यानं चैतालीच्या खोलीतलं गिझरचं सॉकेट उघडलं. हिरवी वायर नव्हती. अर्थिंगच्या पिनला दोन इंचाचा काळा तुकडा जोडला होता. त्याचं दुसरं टोक तिथल्या तिथं न्यूट्रलला. म्हणजे न्यूट्रल तुटल्याबरोबर त्याच्यातला करंट सरळ गिझरच्या अंगात, तिथून पाण्याच्या पाइपात.

शेजारची खोली उघडली. तिथंही काळा तुकडा. तिच्या शेजारी. वीसच्या वीस.

तात्याराव गॅलरीत पायरीवर बसला. जोड सफाईदार होते. वायर सोलायची पद्धत, पीळ घालायची पद्धत, सगळी त्यानंच शिकवलेली. हे काम आळसानं झालेलं नव्हतं. आळसानं केलं असतं तर अर्थिंगची पिन मोकळी राहिली असती आणि मे महिन्यात दिवा लागलाच नसता. हा तुकडा फक्त एका गोष्टीसाठी घातला होता. तात्या दिवा घेऊन येणार, तो लागला पाहिजे.

मग त्याची नजर मेन बोर्डातल्या ईएलसीबीवर गेली. करंट जमिनीकडे गळायला लागला की डोळ्याचं पातं लवायच्या आत लाइन पाडणारी ती डबी. एवढ्या लोडला ती नियमानं लागतेच. त्यानंच हट्टानं बसवून घेतली होती. आज ती पडली नव्हती, कारण तिला स्वतःला चालायलाही न्यूट्रल लागतो आणि तोच तुटला होता. आणि पायरीवर बसल्या बसल्या त्यानं मे महिन्यातली तपासणी पुन्हा मनात लावून पाहिली. अर्थिंग खरं असतं, तर दिव्यातला करंट जमिनीत गेला असता आणि पहिल्याच खोलीत ईएलसीबी पडली असती. दिवा लुकलुकून विझला असता. तो वीस खोल्यांत लागून राहिला, हाच पुरावा होता. पंचवीस वर्षं झगझगीत दिवा म्हणजे पक्कं काम, ही हातालाच लागलेली सवय. नवी डबी बोर्डात आणली, पण डोळ्यांना सांगायचं राहून गेलं होतं.

चैताली बार्शीची, तेवीस वर्षांची. वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र मिटेनात. तात्याराव दवाखान्यात गेला तेव्हा ती उशाला टेकून बसली होती.

“बोर्डवरचं नाव तुमचं ना, काका?”

“हो.”

“माझं कामही टेस्टिंगचंच आहे. आम्ही पास केलं आणि मागाहून काही निघालं, तर आधी आम्हाला बोलावतात.” ती चिडून बोलत नव्हती. त्यामुळं त्याला तिथं उभं राहणं आणखी अवघड झालं.

तिथून तो सर्जेरावच्या घरी गेला. सर्जेराव अंगणात जीप धूत होता. पाइप हातात तसाच ठेवून म्हणाला, “पोरगी बरी हाय ना? मी फळं पाठवली व्हती.”

“हिरवी का नाही घातली?”

“वायरीचं पाइप बारीक, पाऊण इंची टाकलं पोरांनी. दोन वायरी गेल्या, तिसरी अडकाय लागली. स्लॅब टाकून झाल्याला.”

“मला सांगायचं.”

“तुला सांगून काय व्हनार व्हतं? तू भिंती फोडाय लावल्या असत्यास. पोरी एक तारखेला सामान घिऊन येनार व्हत्या.”

“फोडायलाच लावल्या असत्या.”

“मंग! म्हनून न्हाय सांगितलं.” सर्जेरावनं नळ बंद केला. “म्हटलं, तुझा दिवा लागंल येवढं करू.”

हे तो अगदी साधेपणानं बोलला, जणू थकलेल्या माणसाचं एक काम वाचवलं होतं. वीस वर्षांत ह्या माणसाला तात्यारावनं हात कसा धरायचा, पक्कड कशी धरायची, सगळं दाखवलं होतं. आपण कुठं बघतो आणि कुठं बघत नाही, हेही तो शिकून गेला होता.

“इन्स्पेक्टरसायबाला येकच सांग,” सर्जेराव जवळ येऊन म्हणाला. “तू तपासलं तवा समदं बराबर व्हतं. नंतर कुनी वायरमननं हात घातला आसंल. तुजा परवाना वाचतूय, माजंबी निभावतंय.”

तात्याराव तसाच निघाला. घरी त्याच्या बायकोनं, प्रेमलाबाईंनी, दोनदा विचारलं, “अहो, काय म्हणाला तो?” तो जेवणाचं ताट तसंच ठेवून उठला. परवाना गेला तर काय उरतं, हे दोघांनाही माहीत होतं. चौपन्नाव्या वर्षी दुसऱ्याच्या सहीखाली वायरी ओढायच्या.

आठ दिवसांनी चौकशी झाली. विद्युत निरीक्षकांच्या टेबलावर तो काळा तुकडा पिशवीत घालून ठेवला होता. आधी सर्जेरावला विचारलं. तात्याराव आपलं म्हणणं उचलणार नाही, हे त्यानं चेहऱ्यावरून ताडलं असावं. त्यानं टोपी काढली, हात जोडले.

“सायेब, मी अडानी. तात्यासायबांनी आखून दिलं तसं पोरांनी केलं. परवाना त्यांचा, सही त्यांची. आमी तर त्यांना कदी परकं मानलं न्हाय. पार चुलीपतूर येत व्हते आमच्या.”

वीस वर्षांत तो पहिल्यांदा ‘तात्यासाहेब’ म्हणाला होता. तात्याराव समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिला.

साहेबांनी रिपोर्ट उलटसुलट केला. माणूस सज्जन होता. तात्यारावची जुनी कामं त्यांनी पाहिलेली होती. “रणपिसे, तुमच्या तपासणीनंतर कुणी बदल केला असण्याची शक्यता आहे का? नीट आठवून सांगा.”

सुटकेचं दार उघडं होतं. साहेबांनी स्वतःच उघडून धरलं होतं.

“नाही साहेब.”

“इतक्या खात्रीनं कसं सांगता?”

“मी दिव्यानं तपासलं. वीसही खोल्यांत दिवा लागला.”

“मग अर्थिंग होतं म्हणा की.”

“ईएलसीबी चालू होती, साहेब. ती पडली नाही.”

साहेब लिहिता लिहिता थांबले. सर्जेराव एकदा ह्याच्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघायला लागला. त्याला अजून कळलं नव्हतं.

“अर्थिंग असतं तर ती पडली असती,” तात्याराव म्हणाला. “म्हणजे तो तुकडा तेव्हाही होता. ह्यांनीच घातलेला. आणि मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी नुसता दिवा बघितला.”

“हे लिहून द्याल? तुमच्याच विरुद्ध जातंय.”

“कागद द्या.”

सर्जेराव उठून उभा राहिला. “तात्या, येड लागलं का तुला? माजं वाटुळं करून तुला काय मिळनार हाय?”

“खाली बस, सर्जा. साहेब बोलतायत.”

सर्जेरावच्या होस्टेलला टाळं लागलं आणि त्याच्यावर खटला भरला. तात्यारावचा परवाना वर्षासाठी निलंबित झाला. धायरीत दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. कुणी म्हणालं, सरळ माणूस. कुणी म्हणालं, सरळ कसला, सर्जेरावला बुडवायला स्वतःच्याच नावेला भोक पाडलं. सर्जेरावची आई मात्र, जिनं तात्यारावला वीस वर्षं भाकरी वाढली, ती त्याला रस्त्यात बघून पदर ओढून पलीकडं गेली. ते त्याला परवान्यापेक्षा जास्त लागलं.

निकालाचा कागद घेऊन तो संध्याकाळी घरी आला. प्रेमलाबाई उंबऱ्यातच होत्या.

“किती?”

“एक वर्ष.”

त्यांनी कागद घेतला, वाचला, बुद्धाच्या तसबिरीखालच्या कपाटात ठेवला. तसबिरीवरची धूळ पदरानं पुसली.

“माझ्या हाताखाली शिकला तो,” तात्याराव म्हणाला. “पीळसुद्धा माझाच घातला होता.”

“हं.” त्यांनी आतून ज्वारीचा डबा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला. “पीठ संपलंय. गिरणी सातला बंद होते.”

तात्यारावनं डबा उचलून सायकलच्या कॅरियरला बांधला, दोरी दोनदा ओढून बघितली. गिरणीत त्याच्या पुढं चार डबे होते. आपला डबा रांगेत ठेवून तो गिरणीवाल्याला ओरडून म्हणाला, “बारीक काढ रे, भाकरीचं आहे.”