काकांचा तळहात

पानठेल्यावर खर्रा घोटला जात असताना तंबाखू-चुन्याचा वास आला, की मला काकांचा ओसरीवरचा पलंग आठवतो. खालच्या ओठावरची वर्षभर न भरलेली जखम कॅन्सरची निघाली, म्हणून अकोल्याला त्यांचा निम्मा ओठ कापून काढला होता. टाक्यांतून लाळ गळत होती, काकू ती कापसानं टिपत होती, आणि भेटीला आलेले शेजारी तिथंच पलंगावर बसून खर्रा घोटत होते. डॉक्टरांनी सगळं काढलंय, आता धोका नाही, असं मी सांगितलं, तर त्यातला एकजण काकांना म्हणाला, "मंग आता कायले भेता? दुसऱ्या बाजूनं ठेवत जा." काकांनी खर्र्यासाठी तळहात पुढे केला. लाळेच्या त्या कापसाची किळस केव्हाच गेली. त्या पसरलेल्या तळहाताची किळस अजून जात नाही.